फ्रिजवरचा माइक

गडमाथ्यावर पोचताच फणसेकाकांनी सॅक उघडली. वायरलेस सेट शाबूत होता. बायकोने थंडीसाठी दिलेला स्वेटर त्यांनी सेटलाच गुंडाळला होता. चढताना हुडहुडी भरली, तरी काढला नाही. सेट खडकावर आपटला असता तर?

झाडाला अँटेनाची तार बांधून त्यांनी सेट लावला आणि कपाळावर हात मारला. बोलायचा माइकच नव्हता! गुंडाळताना त्याची वायर ताणली जायला नको म्हणून त्यांनीच तो काढून फ्रिजवर ठेवला होता.

घरी त्यांची बायको, सिंधूकाकू, दुसऱ्या सेटपुढे बसल्या होत्या. साठी उलटल्यावर परीक्षा देऊन त्यांनी वायरलेसवर बोलायचं लायसन्स मिळवलं होतं. आज पहिल्यांदाच बोलायचं, तेही काकांशीच, असं ठरलं होतं.

गडावरच्या सेटमधून काकूंचा आवाज आला. पाठ केलेला कॉलसाइन, म्हणजे आपलं वायरलेसवरचं नाव, त्यांनी ठणठणीत म्हटला. थांबून पुन्हा म्हटला. तिसऱ्यांदा आवाज कापरा झाला. "अहो, ऐकताय ना? की माझंच काही चुकतंय?"

काकांनी एक वायर सोलून सेटमागे मोर्सची कळ जोडायच्या जागी खुपसली आणि तिची उघडी टोकं एकमेकांना टेकवत कट्ट-कडकट्ट सुरू केलं. सिंधू. सिंधू. ऐकतोय.

काकू मोर्स कधी शिकल्या नव्हत्या. पण स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडून काकांचं ते कट्ट-कडकट्ट लग्नापासून त्यांच्या कानावर पडत आलं होतं.

सेटमधून काकूंचं हसू आलं.

"कळलं. माइक इथे फ्रिजवर दिसतोय, म्हणजे सेट नेहमीसारखा गुंडाळून नेलात. आता त्या सेटचा स्वेटर आधी स्वतःच्या अंगात घाला बघू."