रदबदली

"देवगावची एसटी कधी हाय?" साळूबाईनं सकाळपासून विसाव्यांदा विचारलं, तसा शिवराज आईवर खेकसला. आजवर तो तिला कधी उलटून बोलला नव्हता. लाज वाटून तो बाहेर जिन्यात जाऊन बसला, तर त्याला रडूच आवरेना.

थोड्या वेळानं साळूबाई बाहेर आली. हल्ली ती लेकाला ओळखत नव्हती, तरी शेजारी टेकली आणि पदरानं त्याचे डोळे पुसले.

"कोण बोललं रं बाबा तुला?"

मघाचं सगळं ती विसरून गेली होती.

"मला कोणी नाय. मीच बोललो माझ्या मायला. लई वाईट बोललो."

"कुठंय तुझी माय?" गुडघ्यावर हात टेकत ती उठली. "चल, मी सांगते तिला, लेकरू दमलंय म्हणून."