बरोबर उत्तराचे दहा गुण

"सर, ये दस नंबर हटा दीजिए," नयना सक्सेना म्हणाली आणि अभ्यास मंडळाच्या बैठकीत चहाचे कप हातातल्या हातात राहिले.

एम.एस्सी. पदार्थविज्ञानाचा अभ्यासक्रम सोळा वर्षांनी बदलत होता. सकाळपासून सगळे सुरळीत चालले होते. रेडिओचे व्हॉल्व्ह गेले, संगणक आला, कोणी हूं की चूं केले नाही. पण प्रयोगाचे उत्तर बरोबर आल्याचे दहा गुण काढायचे, म्हणजे थेट पेठकरसाहेबांच्या ताटात हात घालणे. विभागप्रमुख दत्तात्रय पेठकर मूळचे साताऱ्याचे, पण हयात लखनऊत गेलेली. प्रयोगांचे मॅन्युअल त्यांचे आणि हे दहा गुणही त्यांनीच घातलेले. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशाची तरंगलांबी मोजायची, उत्तर ५८९३. "आमच्या लॅबमध्ये दुसरा आकडा येतच नाही," असे ते पाहुण्यांना छाती पुढे काढून सांगत.

गेल्या आठवड्यात मात्र आला होता. चाळीस मुलांत एकीने ४९११ लिहिले. परीक्षकाने दहापैकी शून्य दिले आणि तिचा पहिला वर्ग गेला. ती एक म्हणजे अवनी, पेठकरांची मुलगी. दिव्याखाली अंधार, म्हणून स्टाफरूममध्ये लोक हसले. पेठकरांना ते फार लागले.

"अगं, हे उत्तर शेंबड्या पोराला ठाऊक आहे," ते घरी तिला म्हणाले. "तुला एकटीलाच कसं चुकता आलं?"

अवनीला मराठी सगळे कळे, पण उत्तर हिंदीत येई. "बाबा, मेरा तो यही आया," एवढेच म्हणून ती आत गेली. आज आठवा दिवस, बापलेकीत शब्द नव्हता.

"क्यों हटाएँ?" बैठकीत पेठकरांनी विचारले. आवाज चढला होता.

नयना विभागातली सगळ्यांत नवी अध्यापिका. तिने चौकटीत बसवलेली एक लहानशी काच, म्हणजे ग्रेटिंग, टेबलावर ठेवली. या काचेवर अतिशय बारीक रेघा असतात, आणि एका इंचात त्या किती, यावर सगळा हिशेब. जुनी काच मागल्या जुलैत फुटली. नवी आली, पण डब्यात कार्ड जुनेच राहिले: पंधरा हजार रेघा. नव्या काचेच्या कडेला, भिंग धरले तरच दिसेल एवढ्या अक्षरांत, साडेबारा हजार लिहिले होते.

"इस काँच और इस कार्ड से ५८९३ आ ही नहीं सकता, सर. ४९११ आता है. मैंने तीन बार करके देखा."

पडताळायला पेठकरांना कागद लागला नाही. एकोणचाळीस मुलांनी आधी उत्तर लिहिले होते आणि मग त्याला शोभतील अशी निरीक्षणे मागून बसवली होती. पोरे त्याला बॅक कॅल्क्युलेशन म्हणत आणि वरच्या वर्गातली खालच्यांना ते मायेने शिकवीत. दुर्बिणीत जे खरेच दिसले ते एकीनेच लिहिले होते, आणि शून्यही तिलाच मिळाले होते.

"बच्चे हैं, शॉर्टकट तो मारेंगे ही," कानपूरहून आलेले बाहेरचे तज्ज्ञ मधुसूदन त्रिपाठी मिशीत हसले.

नयनाच्या कोपराखाली लॅबचे रजिस्टर होते. ती ते उघडत नव्हती. का, ते पेठकरांना कळले आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मागल्या जुलैत नवी काच तपासली होती ती त्यांनी स्वतः. आकडा जुळेना. मोतीबिंदू वाढू लागला होता, म्हणून सगळा दोष डोळ्यांच्या माथी मारून ते मोकळे झाले होते. झाकली मूठ सव्वा लाखाची. नयनाने ती झाकूनच ठेवली होती, त्यांनी नुसते गप्प बसायचे होते.

त्यांनी हात पुढे केला.

"ज़रूरत नहीं है, सर," नयना हळूच म्हणाली.

"है." त्यांनी रजिस्टर ओढून घेतले आणि शेवटच्या खुर्चीपर्यंत ऐकू जाईल असे वाचले, "नई ग्रेटिंग जाँची. ५८९३. ठीक है. दस्तख़त, दत्तात्रय पेठकर." मग चष्मा काढून म्हणाले, "उनतालीस नहीं, चालीस लिखिए. पहला मैं हूँ."

पेठकरांनी मसुद्यातल्या स्वतःच्या ओळीवर सरळ रेघ मारली. ते दहा गुण प्रयोग करताना केलेल्या कच्च्या नोंदींना दिले. गेल्या आठवड्याची परीक्षा सगळ्यांची पुन्हा घ्यावी, आणि आपण त्या दिवशी लॅबच्या आसपासही फिरकणार नाही, हेही इतिवृत्तात घालायला सांगितले. सोळा वर्षांत इतके हलके त्यांना कधी वाटले नव्हते.

त्रिपाठी आता हसत नव्हते. "और वो लड़की? किसकी शागिर्द है?"

"मेरी बेटी है," पेठकर म्हणाले. आठ दिवस गिळलेले शब्द बाहेर आले. "मगर यह उसने मुझसे नहीं सीखा. मैंने तो उसे डाँटा."

"आप ही से सीखा है, सर," नयना म्हणाली. "मैंने पूछा था उससे."

तिने मॅन्युअल उघडून त्यांच्यापुढे सरकवले. प्रयोगांच्या आधीचे पान. तिथे तरण्या पेठकरांची प्रस्तावना होती, हज़रतगंजच्या छापखान्यात उभे राहून त्यांनी स्वतः तपासून घेतलेली: 'जो दिखे वही लिखो, उत्तर ग़लत आए तो आने दो.' बावीस वर्षांत ते पान वाचणारी एकच विद्यार्थिनी निघाली, आणि ती पोटचीच निघाली.