कोंबड्यांचं घड्याळ

हॉकी स्टिकचा फटका जसपालच्या कोपरावर बसला, त्याच वेळी कृष्णकांतची स्कूटर सरकारी क्वार्टर्सच्या फाटकातून आत शिरली. रविवारची दुपार, कॉलनीतली सगळी सभ्य माणसं रस्त्यावर होती. ऑडिटवाला, टेलिफोनवाला, बँकेतला, कुणी मागे राहिलं नव्हतं. जसपालची पगडी मातीत पडली होती, मोकळे केस तोंडावर आले होते आणि त्यांतून रक्त गळत होतं. ज्याला पुढे जागा मिळत नव्हती तो मागून लाथ घालत होता. वाहत्या गंगेत हात धुवायला माणसं कधी मागे नसतात.

"बम रखा है इसने! आपकी सीढ़ी के नीचे!" वरच्या मजल्यावरचा नरेंद्र धापा टाकत ओरडला. हॉकी त्याच्याच हातात होती.

कृष्णकांतने आपल्या जिन्याकडे पाहिलं. पायरीखाली पत्र्याचा तेलाचा डबा होता. डब्याला गजराचं घड्याळ बांधलेलं, घड्याळातून तार निघालेली, खाली रबरी नळी लोंबत होती. घड्याळ टिकटिकत होतं. डबा कृष्णकांतनेच बनवला होता.

तो एका हॉस्पिटलात मशिनं दुरुस्त करायचा. जसपाल मागच्या रांगेत राहायचा, दिवसभर इंडस्ट्रियल एरियात वेल्डिंग करायचा. घरी त्याची म्हातारी आई, तिला धड उठता येत नव्हतं. जूनच्या उन्हात तिच्या कोंबड्या पाण्यावाचून मरू लागल्या, म्हणून कृष्णकांतने ही खटपट केली. सकाळी घड्याळाला चावी द्यायची. भर दुपारी गजर झाला की मागची किल्ली फिरते, तार गुंडाळली जाते, सलाइनच्या नळीवरचा चिमटा निघतो आणि उभ्या चिरलेल्या पाइपात पाणी उतरतं. दोन दिवस गजर अवेळी होत होता. जसपाल तेच दाखवायला डबा घेऊन आला असणार.

पण साल होतं ब्याण्णव, अतिरेक्यांच्या बॉम्बस्फोटांचे दिवस. बसमध्ये चढलं की लोक आधी सीटखाली वाकून बघायचे. रस्त्यात बेवारस पिशवी दिसली तर पळत सुटायचे. घड्याळ, तार आणि सरदार, एवढं एकत्र दिसल्यावर कुणाला विचार करायला फुरसत होती! इतकी वर्षं ज्याच्याकडून खिडक्यांचे गज बसवून घेतले, त्या जसपालला आज कुणी ओळखत नव्हतं.

मीनाक्षी दारात उभी होती. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"अहो, आत या आधी," ती मराठीत म्हणाली. आजूबाजूच्यांना कळू नये म्हणूनच मराठीत. "तुम्ही मध्ये पडू नका. परक्या मुलखात आहोत आपण."

क्षणभर कृष्णकांतला तिचं पटलं. डबा माझा म्हणायचं म्हणजे ती हॉकी आपल्या अंगावर ओढून घ्यायची. नोकरी सरकारी, चौकशी लागली की संपलंच. त्याला स्वतःची लाज वाटली, पण पाय काही हलेनात. तेवढ्यात टेलिफोनवाल्याने वीट उचलली.

"मेरा है!" कृष्णकांत ओरडला. "वो डिब्बा मेरा है! मुर्गियों के पानी का!"

वीट वरच्या वर थांबली. नरेंद्रने मान हलवली.

"झूठ मत बोलिए, साहब. आप शरीफ़ आदमी हैं, इसको बचा रहे हैं. हम सब पूछ चुके हैं."

वीट पुन्हा वर गेली. आता बोलण्यात अर्थ नव्हता. कृष्णकांत जिन्याकडे धावला, डबा उचलला आणि छातीशी धरून सरळ गर्दीत घुसला. गर्दी फुटली. मघाचे शूरवीर झाडांमागे आणि मोटारींमागे जाऊन बसले. नरेंद्रने हॉकी टाकली आणि कोरड्या गटारात उडी घेतली.

कृष्णकांत जसपालच्या मागच्या अंगणात गेला. डबा भिंतीवरच्या खिळ्याला अडकवला, नळीचं टोक पाइपात सोडलं, नळाखालची बादली डब्यात ओतली. घड्याळाला चावी दिली आणि काटे गजरावर आणले.

गजर खणखणला. भिंतीपलीकडे कुणीतरी किंचाळलं. कोंबड्यांना मात्र कॉलनीतल्या राड्याशी काही देणंघेणं नव्हतं. गजर ऐकताच त्या तुतीच्या सावलीतून निघाल्या, पाइपाकडे धावल्या आणि एकमेकींना टोचे मारत पाणी पिऊ लागल्या.

"अरे यार, सचमुच मुर्गियों का है!" कुणीतरी हसलं. मग सगळेच हसले. जेवायची वेळ झाली होती, माणसं पांगली. नरेंद्र कपडे झटकत आला आणि त्याने विचारलं, हे कूलरलाही लावता येईल का. कृष्णकांतने त्याच्या कानाखाली सणसणीत वाजवली. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने कुणावर हात उचलला होता, आणि त्याला मुळीच वाईट वाटलं नाही.

जसपाल रस्त्याच्या कडेला बसला होता. त्याचा उजवा हात भलत्याच बाजूला वळला होता. मीनाक्षी डेटॉलची बाटली घेऊन त्याच्याजवळ गुडघे टेकून बसली होती आणि रडत रडत त्याच्या भुवईवरचं रक्त पुसत होती. कृष्णकांतने पगडी उचलली, झटकली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

"पागल है क्या तू? पहले ही मेरा नाम ले लेता. कोई हाथ नहीं लगाता तुझे."

जसपालने सुजलेले ओठ कसेबसे हलवले. मीनाक्षीकडे त्याने पाहिलं नाही.

"लिया था, भाईसाहब. सब भाभीजी से पूछने गए थे. इन्होंने बोला, हमारा नहीं है. मारना तो उसके बाद शुरू हुआ."