बॅटीचा खोका

भाग्यश्रीने खोका डोक्याच्या वर धरला, डोळे मिटले आणि सोडून दिला.

शेडच्या फरशीवर धप्प आवाज झाला. कैलासने खोका उघडून बॅट बाहेर काढली, खालच्या कडेवरून अंगठा फिरवला. "कपची उडालीय."

"हाही गेला?"

"हाही."

कुंभवलीच्या त्या शेडमध्ये भिंतीला लागून बॅटी उभ्या होत्या. तासलेल्या, घासलेल्या, तेल पाजलेल्या. टेनिस बॉलच्या स्पर्धांसाठी या नवरा-बायकोने काढलेला हा 'बजरंग' ब्रँड. बोईसरच्या दुकानांत हातोहात खपायचा. आता तो पहिल्यांदा ऑनलाइन जाणार होता, आणि त्या भरवशावर कैलासने कारखान्यातली नोकरी सोडली होती. ऑनलाइन कंपनीचा नियम साफ होता. पहिल्या खेपेतला माल जास्त परत आला, तर दुकान बंद. मग कारखान्याच्या गेटवरही कैलासला पुन्हा कोणी उभं केलं नसतं. तो नियम वाचल्यापासून भाग्यश्री एकेक खोका असा पाडून बघत होती.

"जाड पुठ्ठ्याचा घेऊ या," ती म्हणाली.

"कितीही भारी घे, शेवटी जातो कचऱ्यातच," कैलास म्हणाला. "आणि तू एकदा पाडतेस. तिकडे गोदामात एकावर एक फेकतात, वरून चालतात."

शनिवारी कैलासची आई, सोजराबाई, कीर्तनाहून आली ती तरंगतच. बुवांनी काय सांगितलं ते सुनेच्या कानावर घातल्याशिवाय तिच्या घशाखाली घास उतरत नसे.

"आज बुवांनी मारुतीरायाला लंकेला नेला. रामाची अंगठी घेऊन निघाला. वाटेत समुद्र, राक्षस, काय नाही? पण अंगठीला ओरखडा नाही. आणि नुसती पोचवून थांबला नाही हो. काम करून, सीतामाईची खूण घेऊन परत आला. बुवा म्हणाले, जाणारे पुष्कळ, परत येणारा हा एकच. टाळ असे लागले होते, माझ्या डोळ्यांचं पाणी खळेना."

भाजी निवडता निवडता भाग्यश्री थांबली. "ओरखडा नाही," ती स्वतःशीच म्हणाली.

पालघरच्या छापखानेवाल्या हितेशने खोक्याचा नमुना छापून दिला. बॅटीचा खोका उंच नि अरुंद, त्यावर गदा घेतलेला उभा मारुती असा बसला, जणू मापानेच घेतला होता. सुरुवातीच्या काही नमुन्यांत रंग फसला. ते सोजराबाईने पुसून माळ्यावर नीट रचून ठेवले.

मग जालन्याच्या मावशीकडे दोन पार्सलं पाठवली आणि तशीच परत मागवली. एक जाड पुठ्ठ्याचा कोरा खोका, दुसरा पातळ, मारुतीचा. जाड खोका आला तो कोपरा चेपून, अंगावर बुटाचा ठसा घेऊन. मारुतीला सुरकुतीही नव्हती.

"त्याच्यावर पाय कोन ठेवनार, वयनी?" कुरियरचा पंढरी म्हणाला. "गोदामातली मानसं पाया पडून उचलत व्हती. बजरंगबली को ऊपर रखो, ऊपर रखो, हेच चाललेलं."

ठरलं. तरी भाग्यश्रीच्या मनात पाल चुकचुकतच होती. "आई, आपण देवाला हमाल केला का हो?"

"अगं, त्याला कामाची हौसच आहे. फक्त जमिनीवर ठेवू नका," सोजराबाई म्हणाली आणि तिने शेडमध्ये सतरंजी अंथरली.

माल निघाला त्या दिवशी पंढरीने दोन-दोन खोके छातीशी धरून टेम्पोत नेले. दर फेरीला तो धापा टाकत होता.

मग वाट बघणं. भाग्यश्री फोन खाली ठेवत नव्हती. एकेक पार्सल पोचल्याची खूण येत होती आणि दर खुणेला तिला वाटत होतं, आता तक्रार येईल. तक्रार येत नव्हती. त्याने उलट जास्तच धाकधूक वाटत होती.

एका दुपारी टेम्पो दारात थांबला.

"वयनी, माल आलाय परत."

पंढरी आत आला. पाच-सहा लांब पार्सलं त्याने एकाच कवेत आणली होती. सोलापूर, वाई, चाळीसगाव. वरून कापड शिवलेलं, पत्ता या शेडचा.

"टेम्पोत अजून हायत," तो म्हणाला.

भाग्यश्री स्टुलावर बसली. कैलास फोनवर बोटं फिरवत होता. "इथे एकाचीही तक्रार नाही. पैसेही कोणी मागितलेले नाहीत."

"मागतील."

"पंढरी, परतीचा खर्च आमच्यावर ना?" कैलासने विचारलं.

"नाय. ज्याने त्याने भरलाय."

"पदरचे भरून परत पाठवलं," भाग्यश्री हळूच म्हणाली. "एवढे चिडलेत लोक."

सगळ्या बॅटींच्या कपच्या तिला डोळ्यांसमोर दिसायला लागल्या. कारखान्याचं गेट दिसायला लागलं. सोजराबाई दारात उभी होती, हातातली माळ थांबलेली.

"उघड तर खरं," ती म्हणाली.

कैलासने कटरने शिवण उसवली. कापड पांढरंशुभ्र, धुतलेलं होतं. भाग्यश्रीने ते बाजूला केलं. मारुतीच्या कपाळाला शेंदूर लावलेला होता. गळ्याच्या जागी रुईच्या पानांची माळ होती, प्रवासात सुकलेली. तिने घाईघाईने झाकण उघडलं.

आत बॅट नव्हती. काहीच नव्हतं.

कैलासने दुसरं उसवलं. मारुती, शेंदूर, माळ. आत रिकामं. तिसरंही तसंच.

सोजराबाईने सतरंजी अंथरली, मग मान वर करून माळ्याकडे बघितलं.

"कैलास," ती म्हणाली, "जागा पुरायची नाही रे."