गुनहिल्ड कुणाची

नॉर्वेतल्या एका गावात घरोघरी यंत्राने एखादा मेलेला पूर्वज पडद्यावर बोलता केलेला असायचा; चर्चच्या जुन्या वह्यांमध्ये त्याच्या जेवढ्या नोंदी, तेवढंच त्याला बोलता यायचं. रग्नाचे खापरपणजोबा बाप्तिस्म्याची तारीख सांगून गप्प व्हायचे. शेजारच्या सोलवेगची खापरपणजी गुनहिल्ड मात्र रोज तासभर गप्पा मारायची, आणि भिंतीपलीकडचं हसणं ऐकून रग्नाचा जळफळाट व्हायचा.

शेवटी तिने हट्टाने सगळ्या वह्या चाळल्या. पूर्वी माणूस ज्या शेतावर राहील त्या शेताचंच नाव आडनाव म्हणून लावायचा. गुनहिल्ड सोलवेगच्या पूर्वजांच्या शेतावरची मोलकरीण निघाली, आडनाव तेवढं सारखं. रक्ताने ती रग्नाची खापरपणजी होती.

रग्नाने तिला हक्काने आपल्या पडद्यावर आणलं.

"घर छान आहे गं तुझं," गुनहिल्ड म्हणाली. "माझी सोलवेग कधी येते इथं?"