बँडमधली कौतिका

"खुळखुळा वाजवायला मी येते," कौतिका म्हणाली, आणि क्लॅरिनेट पुसता पुसता तिचा नवरा लहानू थांबला.

तिच्या कॅन्सरपायी म्हैस विकून झाली होती. सोमवारी पुढचं इंजेक्शन होतं, आणि आज वरातीला बँडमध्ये एक माणूस कमी पडत होता.

"तुझ्या डोक्यावर केस नाहीत," लहानू कसाबसा म्हणाला.

"मग टोपी नीट बसेल."

लाल कोट तिला ढगळ झाला. पण तिने असा ठेका धरला की ढोलवालाही तिच्याकडे बघून वाजवू लागला. तेवढ्यात नाचणाऱ्या नवरदेवाच्या मामाचा हात लागून तिची टोपी उडाली. लहानूचा सूर चुकला. कौतिका थांबली नाही.

झिंगलेल्या मामाने तिच्या टकलावरून शंभराची नोट ओवाळली. "या टकलूभाऊसाठी अजून एक गाणं होऊन जाऊ दे."

कौतिकाला हसू आवरेना. सहा महिन्यांत लहानूने ते हसू ऐकलं नव्हतं.

पाकीट देताना बँडमास्तर म्हणाला, "वहिनी, उद्याही याल?"

"येते. सोमवारी इंजेक्शन आहे, मग आठवडाभर उठवत नाही. त्यापुढच्या सगळ्या तारखांना माझं नाव लिहून ठेवा."