बिनबापाची

१९५८ साल. फुलसावंगीकडच्या तांड्यातली पोरं जमनीला 'बिनबापाची' म्हणून चिडवायची. परमुलखातल्या कोण्या बाईनं तिच्या शिक्षणाचा खर्च उचलला, म्हणून आजीनं तिला यवतमाळच्या मिशन बोर्डिंगात आणलं. तिथं जमनीनं असं भोकाड पसरलं की फाटकावरचे कावळे उडाले.

"नाई करमलं, त वापस जाऊ. मी हावो इथंच," आजी म्हणाली.

बोर्डिंगाच्या मोठ्या बाई तिला आत घेऊन गेल्या. थोड्या वेळानं पोरींचा सूर लागला, "हे आमच्या स्वर्गातील बापा..."

प्रार्थना संपताच जमनी धावत बाहेर आली. आजीनं परत जायला गाठोडं उचललं.

 

"आजे, तू जाय घरी. मी राह्यते इथंच. इथं सगळ्यायचाच बाप स्वर्गात हाय... मोठ्या बाईचाबी!"